ती विधवा शहाणीच होती

सामान्य काळातील एकोणतिसावा रविवार (वर्ष क)
वाचने : निर्गम १७:८-१३, २ तीमथ्य ३:१४ ते ४:२, लूक १८:१-८



शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये, असे आपल्याकडे जुनी माणसे सांगत आली आहेत. त्यात अनुभव आहे. कोर्टात वर्षे जातात, पैसा जातो, भाऊबंदकी वाढते. पण आजच्या शुभवर्तमानात प्रभू येशू आपल्यापुढे एक अशी बाई उभी करतो की जी ही पायरी पुन्हा पुन्हा चढते. ती विधवा आहे. तिच्या पाठीशी नवरा नाही, पैसा नाही, वशिला नाही. समोरचा न्यायाधीश देवाला भीत नाही आणि माणसाची पर्वा करीत नाही. तरी ती रोज त्याच्या दारी जाते आणि एकच गोष्ट मागते : माझ्या प्रतिवादीविरुद्ध मला न्याय द्या.

प्रभूने हा दाखला प्रार्थनेविषयी सांगितला हे आपण विसरू नये. वाईट न्यायाधीशसुद्धा कंटाळून का होईना न्याय देतो, तर आपला प्रेमळ पिता आपल्या लेकरांचा धावा ऐकणार नाही काय, हा त्याचा मुख्य अर्थ आहे. परंतु प्रार्थनेचे उदाहरण म्हणून प्रभूने न्याय मागणारी बाई निवडली हेही लक्षात घेण्याजोगे आहे. मूळ ग्रीक शुभवर्तमानात तिच्या विरोधकासाठी जो शब्द आहे तो कोर्टकचेरीतला, खटल्यातल्या दुसऱ्या पक्षाचा शब्द आहे. तिचे प्रकरण कशाचे होते हे संत लूक सांगत नाही. पण याच शुभवर्तमानात पुढे (लूक २०:४७) विधवांची घरे गिळंकृत करणाऱ्या शास्त्र्यांवर प्रभू कडक शब्दांत टीका करतो. तेव्हा तिचे भांडण घराचे, जमिनीचे किंवा कुणाकडे अडकलेल्या पैशाचे असावे असे मानायला हरकत नाही. आणि प्रभू तिला भांडखोर म्हणत नाही. तिच्या चिकाटीचे तो कौतुक करतो.

आज या विषयावर बोलण्याचे कारण आपणा सर्वांना ठाऊक आहे. घरभेटीला आम्ही जातो तेव्हा आजारपणाच्या खालोखाल जर कुठली गोष्ट ऐकायला मिळत असेल, तर ती अडकलेल्या पैशाची. कुणी नातलगाला मुलीच्या लग्नासाठी हातउसने दिले, ते परत आले नाहीत. कुणाच्या कांद्याचे पैसे खळ्यावरून माल उचलणाऱ्या व्यापाऱ्याकडे राहिले. कुणी कोयता घेऊन ऊसतोडीला गेले, होळी झाली, आखाजी आली, तरी मुकादमाचा हिशेब काही मिटत नाही. उलट उचल अजून फिटली नाही असेच ऐकावे लागते. कुणाची ठेव पतसंस्थेत अडकली. आणि उलट बाजूलाही आपलीच माणसे आहेत : ज्यांनी घेतले आणि दिले नाही.

हा प्रश्न केवळ पैशाचा नाही. ज्याचे पैसे अडकले तो मिस्साला येतो आणि ज्याने अडकवले तोही येतो. एक डाव्या बाजूला बसतो, दुसरा उजव्या. शांतीची खूण देताना नजर चुकवली जाते. काही घरांनी तर मिस्सालाच येणे कमी केले आहे. म्हणून या विषयावर गप्प राहणे आम्हांला योग्य वाटत नाही.

हक्काचे मागणे पाप नाही

आपल्यापैकी अनेक भाविकांचा असा समज आहे की ख्रिस्ती माणसाने आपले पैसे मागू नयेत, सोडून द्यावेत, देव पाहून घेईल. हा समज भोळा आहे, पण देवशब्दाला धरून नाही.

आपल्या कॅथॉलिक बायबलमध्ये तोबिताचे पुस्तक आहे. तोबित हा अत्यंत देवभीरू, दानधर्म करणारा मनुष्य. तो आंधळा झाला, गरीब झाला. तेव्हा त्याला आठवण झाली की मेदिया देशात गबाएल नावाच्या माणसाजवळ आपण दहा तालांत चांदी ठेवली आहे. त्याने आपला मुलगा तोबिया याला ती आणायला पाठविले. मुलाने विचारले, तो मला ओळखत नाही, मी त्याला ओळखत नाही, तो पैसे देईल कसा? तेव्हा बापाने सांगितले की आमच्यात लेखी कागद झाला आहे. त्याचे दोन भाग केले, एक त्याच्याकडे आणि एक आपल्याकडे आहे. पुढे गबाएलकडे तो कागद घेऊन प्रत्यक्षात कोण जातो? देवाने मनुष्यरूपात पाठविलेला राफाएल देवदूत. गबाएल मोहोर न फुटलेल्या थैल्या बाहेर काढतो, मोजून देतो आणि वर लग्नालाही येतो (तोबित ५ व ९).

या गोष्टीत तीन गोष्टी शिकण्यासारख्या आहेत. पहिली, देवभीरू माणसाने आपले पैसे मागितले, त्यात त्याला लाज वाटली नाही. दुसरी, विश्वासाच्या माणसाबरोबरही व्यवहार लेखी होता. तिसरी, पैसे परत आणायला त्याला मदत लागली आणि ती मदत देवाने दिली. देवदूतालासुद्धा वसुलीला जाण्यात कमीपणा वाटला नाही!

ख्रिस्तसभेची शिकवणही हेच सांगते. उसने घेतलेली किंवा सापडलेली वस्तू मुद्दाम स्वतःकडे ठेवणे, कामाची मजुरी बुडवणे, हे सातव्या आज्ञेविरुद्धचे पाप आहे असे कॅथॉलिक धर्मशिक्षणग्रंथ स्पष्ट सांगतो. मजुराची मजुरी हिरावणे हे तर स्वर्गाकडे आक्रोश करणाऱ्या पापांत मोजले जाते. संत याकोब आपल्या पत्रात (५:४) श्रीमंतांना बजावतो की शेत कापणाऱ्यांची अडवून ठेवलेली मजुरी ओरडते आहे आणि तो आक्रोश देवाच्या कानी गेला आहे. आता जी मजुरी देवासमोर ओरडू शकते, ती साक्रीच्या कोर्टासमोर का ओरडू नये?

मग संत पौलाचे काय, असे कुणी विचारील. करिंथच्या मंडळीत भाऊ भावाला कोर्टात खेचत होता आणि त्याबद्दल पौलाने त्यांना चांगलेच खडसावले (१ करिंथ ६:१-८). त्यापेक्षा अन्याय का सोसत नाही, असेही तो विचारतो. पण तो उतारा शेवटपर्यंत वाचावा. त्याची खरी तक्रार दोन गोष्टींची आहे. एक, तुमच्यात दोघा भावांत निवाडा करणारा एकही शहाणा माणूस नाही काय? आणि दुसरी, तुम्ही आपल्याच भावांना लुबाडता! म्हणजे पौलाचा कोरडा सर्वांत जास्त बसतो तो बुडवणाऱ्याच्या पाठीवर. आणि याच पौलाने स्वतःवर अन्याय होत आहे असे दिसताच रोमन नागरिक म्हणून कैसराकडे दाद मागितली (प्रेषितांची कृत्ये २५:११). सामोपचार पहिला आणि कायदा गरज पडेल तेव्हा, हा त्याचा मार्ग होता.

एकेक पायरी

प्रभू येशूने मत्तयकृत शुभवर्तमानाच्या अठराव्या अध्यायात (१८:१५-१७) भावाने अपराध केला तर काय करावे याचा क्रम दिला आहे. पैशाच्या भांडणाला तो तंतोतंत लागू पडतो.

पहिली पायरी : तुम्ही दोघेच. बाजारात चारचौघांत नको, चहाच्या टपरीवर नको, फोनवर शिव्या तर नकोच. त्याच्या घरी जावे आणि शांतपणे विचारावे. अनुवादाच्या पुस्तकात (२४:१०-११) एक सुंदर नियम आहे : धनकोने गहाण घेण्यासाठी ऋणकोच्या घरात शिरू नये, बाहेर उभे राहावे आणि ऋणकोने स्वतः ती वस्तू बाहेर आणावी. किती मोठा विचार आहे हा! तुझे पैसे त्याच्याकडे आहेत हे खरे, पण त्याचे घर त्याचेच आहे, त्याच्या बायकामुलांसमोर त्याची अब्रू राखणे तुझे काम आहे.

या पायरीवर एक गोष्ट जरूर करावी. समोरच्याने मुदत मागितली तर द्यावी, पण ती लेखी घ्यावी. किती रक्कम बाकी आहे, कधीपर्यंत देणार, खाली सही किंवा अंगठा आणि तारीख. यात अविश्वास नाही. १९६३ च्या मुदतीच्या कायद्याप्रमाणे उसन्या पैशाचा दावा साधारणपणे तीन वर्षांच्या आत करावा लागतो. तीन वर्षे संपण्याआधी ऋणकोने देणे लेखी कबूल केले तर त्या तारखेपासून मुदत नव्याने मोजली जाते. आपली माणसे भिडेपोटी चार-पाच वर्षे थांबतात आणि मग वकिलाकडे जातात, तेव्हा वकीलसाहेबही हात वर करतात. भिडस्तपणा हा सद्गुण खरा, पण त्याने कायद्याची मुदत थांबत नाही.

दुसरी पायरी : दोन-तीन साक्षीदार. प्रभूने सांगितले की भाऊ ऐकत नसेल तर एकदोघांना बरोबर घे. आपल्या गावात जाणती माणसे आहेत, पंच आहेत. राज्य शासनाने १५ ऑगस्ट २००७ पासून महात्मा गांधी तंटामुक्त गाव मोहीम सुरू केली, तिच्या समित्या अनेक गावांत आहेत. पंचांपुढे जे ठरेल ते कागदावर घ्यावे. मात्र पंच असे निवडावेत की जे कुणाच्याच देण्याघेण्यात नाहीत.

तिसरी पायरी : कायद्याची मदत. इथे आपली माणसे घाबरतात. वकिलाची फी कुठून आणायची? घरी अहिराणी, कोकणी किंवा भिली बोलणाऱ्या आईला नोटिशीतले मराठी कसे कळायचे? म्हणून पुढील माहिती नीट वाचावी आणि ज्यांना वाचता येत नाही त्यांना वाचून दाखवावी.

आपल्या देशात विधी सेवा प्राधिकरण कायदा १९८७ साली झाला आणि ९ नोव्हेंबर १९९५ पासून अंमलात आला. या कायद्याप्रमाणे सर्व स्त्रिया, मुले, अनुसूचित जाती-जमातीचे लोक, अपंग, वेठबिगारीला बळी पडलेले लोक यांना उत्पन्न कितीही असो, मोफत वकील मिळतो. इतरांना वार्षिक उत्पन्नाची मर्यादा आहे. महाराष्ट्रात ती तीन लाख रुपये आहे. वकिलाबरोबर कोर्ट फी व कागदपत्रांचा खर्चही त्यात येतो. यासाठी तालुक्याच्या न्यायालयात तालुका विधी सेवा समिती आणि जिल्हा न्यायालयात जिल्हा विधी सेवा प्राधिकरण असते. म्हणजे आपल्याला साक्रीला किंवा धुळ्याला जावे लागेल. साध्या कागदावर अर्ज चालतो. १५१०० या क्रमांकावर फोन करूनही चौकशी करता येते.

कोर्टात दावा लावण्याआधीसुद्धा प्रकरण लोकअदालतीत ठेवता येते. तिथे दोघांना समोरासमोर बसवून तडजोड करतात. तडजोड झाली की तिला दिवाणी न्यायालयाच्या हुकूमनाम्याचे बळ येते आणि तिच्यावर अपील होत नाही. प्रलंबित दाव्याची भरलेली कोर्ट फीही परत मिळते. प्रतिवादीबरोबर वाटेत असतानाच लवकर समेट कर, असे प्रभूने डोंगरावरील प्रवचनात सांगितले (मत्तय ५:२५). लोकअदालत ही जणू ती वाटच आहे.

आणखी काही साध्या गोष्टी. कुणी पैशापोटी चेक दिला आणि तो वटला नाही, तर बँकेची चिठ्ठी मिळाल्यापासून ३० दिवसांच्या आत लेखी नोटीस पाठवावी लागते. नोटीस पोहोचल्यावर त्याला १५ दिवस मिळतात, आणि तरीही पैसे दिले नाहीत तर पुढच्या एका महिन्यात फिर्याद करावी लागते. या मुदती चुकल्या की हातातले साधन बोथट होते. कांदा शक्यतो बाजार समितीच्या लिलावातच विकावा आणि काटापट्टी, हिशेबपट्टी जपून ठेवावी. पैसे अडले तर बाजार समितीकडे लेखी तक्रार करता येते, तोंडी सौद्याला ते संरक्षण राहत नाही. ऊसतोडीला जाताना उचल किती घेतली, कधी घेतली, किती टन तोडला, हे एका वहीत लिहावे. मुलांना आपण शाळेत पाठवतो ते याचसाठी. उचल फिटेपर्यंत कुणी माणसाला बळजबरीने डांबून ठेवत असेल तर ती वेठबिगारी होय. १९७६ च्या कायद्याने ती बंद केली आहे, असे वेठबिगारीचे कर्जच त्या कायद्याने रद्द ठरते, आणि त्याची तक्रार थेट प्रांत किंवा जिल्हाधिकाऱ्यांकडे करता येते.

एक गोष्ट मात्र करू नये. वसुलीसाठी दांडगट माणसे पाठवू नयेत. तो गुन्हा आहेच, पण त्याहून वाईट म्हणजे तुमची सत्य बाजू त्या दिवशी असत्य होते. त्याचप्रमाणे पैशाचा साधा व्यवहार फौजदारी करून दाखवण्यासाठी खोटी फिर्याद देऊ नये. खोटी साक्ष हे आठव्या आज्ञेविरुद्धचे पाप आहे, मग पैसे खरोखर आपले असले तरी.

दमणे आणि हात धरणे

पहिल्या वाचनात आपण ऐकले की यहोशवा अमालेक्यांशी लढत होता आणि मोशे टेकडीवर हात वर करून उभा होता. हात वर असले की इस्राएल जिंके, हात खाली आले की अमालेक जिंके. पण मोशेचे हात भरून आले. तेव्हा अहरोन आणि हूर यांनी त्याला दगडावर बसवले, एकाने एका बाजूने आणि दुसऱ्याने दुसऱ्या बाजूने हात धरले, ते सूर्य मावळेपर्यंत. मोशेसारखा संदेष्टाही एकट्याने पुरा पडला नाही.

न्याय मागणारा माणूस हरतो तो बहुतेक वेळा पुरावा नसल्यामुळे नव्हे, तर दमल्यामुळे. आपल्या खानदेशातलेच उदाहरण घ्या. जळगावला मुख्यालय असलेल्या भाईचंद हिराचंद रायसोनी मल्टिस्टेट पतसंस्थेत असंख्य सामान्य लोकांच्या ठेवी अडकल्या. २०१५ मध्ये संस्थेच्या अध्यक्षांसह संचालकांना अटक झाली आणि पुढे संस्थेवर अवसायक नेमला गेला. ठेवीदार वर्षानुवर्षे वाट पाहत राहिले. नोव्हेंबर २०२० मध्ये पुणे पोलिसांच्या आर्थिक गुन्हे शाखेने जळगावात छापे घातले. दमलेल्या ठेवीदारांच्या ठेवपावत्या अगदी थोड्या पैशांत घेऊन त्या मोठ्या कर्जदारांच्या कर्जात वळत्या केल्या, असा आरोप तेव्हा पुढे आला. त्या आरोपाचा निवाडा न्यायालयाने करायचा आहे. पण एक धडा आपल्यासाठी स्पष्ट आहे : लढणारा माणूस दमला की त्याच्या हक्काला गिऱ्हाईक येते. जे मिळेल ते घ्या, नाहीतर काहीच मिळणार नाही, असे तो सांगतो. ज्यांना अशा वेळी धीर देणारे आणि कागद समजावून सांगणारे कोणी असते ते टिकतात. ठेवीदारांच्या संरक्षणासाठी महाराष्ट्रात १९९९ चा कायदा आहे, पण तो वापरायलाही एकत्र यावे लागते.

एकत्र येण्याचे चांगले उदाहरणही आपल्या शेजारीच आहे. शहादे-तळोदे भाग १९९८ पर्यंत आपल्याच धुळे जिल्ह्यात होता. तिथे कर्जाच्या कागदांवर अंगठे घेऊन आदिवासींच्या जमिनी गेल्या होत्या आणि मालक आपल्याच शेतात सालदार झाला होता. भिल्ल समाजातले अंबरसिंग सुरतवंती आणि त्यांचे सहकारी यांनी १९७० नंतरच्या वर्षांत लोकांना संघटित केले, १९७२ मध्ये श्रमिक संघटना उभी राहिली. पुढे आदिवासींच्या जमिनी परत देण्याचा राज्याचा १९७४ चा कायदा झाला. ६ जुलै १९७४ पासून आदिवासीची जमीन बिगर आदिवासीच्या नावे करायला सरकारी परवानगी लागू लागली. आपल्या भागातल्या पुष्कळ कुटुंबांचा सातबारा आज त्या कायद्याच्या आधारावर उभा आहे हे नव्या पिढीने विसरू नये.

ज्यांच्याकडे सावकार येतो त्यांनीही जाणून घ्यावे की महाराष्ट्र सावकारी (नियमन) कायदा २०१४ पासून लागू आहे. परवान्याशिवाय सावकारी करणे गुन्हा आहे. परवानाधारक सावकाराला शेतकऱ्याकडून तारण कर्जावर वर्षाला ९ टक्के आणि विनातारण कर्जावर १२ टक्के यापेक्षा जास्त व्याज घेता येत नाही, असे दर शासनाने २०१४ मध्ये ठरवून दिले. आणि मुदलापेक्षा जास्त व्याज वसूल करता येत नाही. आपल्या पूर्वजांचा दामदुपटीचा नियम तो हाच. सावकाराने कर्जापोटी जमीन लिहून घेतली असेल तर जिल्हा उपनिबंधकांकडे अर्ज करता येतो, पण त्यालाही मुदत आहे, तेव्हा उशीर करू नये. बचत गटाच्या बायकांकडे फायनान्सवाले रात्री येऊन बसत असतील तर त्यांनाही सांगावे की रिझर्व्ह बँकेने २०२२ मध्ये घातलेल्या नियमांनुसार सकाळी ९ च्या आधी आणि सायंकाळी ६ नंतर अशा कर्जाच्या वसुलीला येता येत नाही.

ज्याच्याकडे बाकी आहे त्याच्याशी

आता दोन शब्द दुसऱ्या बाजूला बसलेल्या भावाशी.

सिराखाच्या पुस्तकात (अध्याय २९) उसने घेणाऱ्याचे जे वर्णन आहे ते आजच लिहिल्यासारखे वाटते. पैसे मिळेपर्यंत तो हाताचे मुके घेतो, आवाज खाली ठेवतो. परत करायची वेळ आली की आज-उद्या करतो, काळ वाईट आहे म्हणतो, आणि शेवटी देणाऱ्यालाच शत्रू मानतो. बंधूंनो, हे आपल्या बाबतीत होते आहे काय, ते प्रत्येकाने तपासावे.

मत्तयाच्या पाचव्या अध्यायात प्रभू म्हणतो की वेदीवर अर्पण आणताना भावाचे तुझ्याविरुद्ध काही आहे असे आठवले तर अर्पण तिथेच ठेव आणि आधी जाऊन समेट कर. हे वचन आपण नेहमी ऐकतो, पण ते कुणाला उद्देशून आहे हे पाहत नाही. ज्याचे पैसे बुडाले त्याला नव्हे, तर ज्याच्याविरुद्ध तक्रार आहे त्याला! उठून जायचे आहे ते देणेकऱ्याने. आणि याच्या लगेच पुढच्या वचनात कोर्टाचा व न्यायाधीशाचा उल्लेख येतो. प्रभूच्या बोलण्यात वेदी आणि कोर्ट शेजारीशेजारी आहेत. वेदीपाशी ज्याला आठवण झाली नाही त्याला ती कोर्टात करून द्यावी लागते.

पापनिवेदनात तुम्ही सांगितलेत आणि आम्ही क्षमेचे शब्द उच्चारले, तरी घेतलेले परत करण्याचे बंधन उरतेच. जक्कयाने केवळ रडून दाखवले नाही. लुबाडलेल्याच्या चौपट देण्याची तयारी दाखवली (लूक १९:८). सगळे एकदम जमत नसेल तर थोडे थोडे द्या. महिन्याला पाचशे रुपये घेऊन जो दारात जातो त्याच्याकडे माणसे आदरानेच पाहतात. लोकअदालतीतसुद्धा हप्ते ठरवून घेता येतात.

पण ज्याच्याकडे खरोखरच काही नाही त्याचे काय? पाऊस गेला, भाव पडला, घरात दुखणे आले. देणाऱ्याने हे दोन प्रकार वेगळे ओळखले पाहिजेत : देत नाही तो आणि देऊ शकत नाही तो. पहिल्यासाठी कायदा आहे, दुसऱ्यासाठी करुणा आहे. अनुवादाचे पुस्तक (२४:६, १२-१३) सांगते की कुणाचे जाते गहाण घेऊ नये, कारण त्यावर त्याचे पोट आहे. आणि गरिबाचे पांघरूण गहाण घेतले तर सूर्यास्ताला परत द्यावे. जी वसुली माणसाचे जाते किंवा पांघरूण नेते ती कायद्याने मिळाली तरी देवाला मान्य नाही. २०२५ च्या ज्युबिली वर्षासाठी पोप फ्रान्सिस यांनी ९ मे २०२४ रोजी काढलेल्या फर्मानात श्रीमंत देशांना आवाहन केले होते की जे गरीब देश कधीच फेडू शकणार नाहीत त्यांचे कर्ज माफ करावे. देशांना जे सांगितले ते शेजाऱ्यालाही लागू आहे. माफ करायचे असेल तर मात्र तसे तोंडाने स्पष्ट सांगावे. मनात हिशेब ठेवून वरून गप्प बसणे याला माफी म्हणत नाहीत.

आपण काय करणार?

ख्रिस्तसभेच्या कायद्याचे १४४६ वे कलम सर्व भाविकांना आणि विशेषतः महागुरूंना सांगते की न्यायाला बाध न आणता खटले शक्य तितके टाळावेत आणि शांततेने मिटवावेत. 'न्यायाला बाध न आणता' हे शब्द महत्त्वाचे आहेत. भांडण मिटवणे म्हणजे दुबळ्याला गप्प बसवणे नव्हे. ब्रिटनी प्रांतातले संत इव्हो हे धर्मगुरू होते आणि वकीलही होते. गरिबांचे दावे ते फी न घेता चालवत. १३०३ साली ते वारले, १३४७ मध्ये त्यांना संत घोषित केले, आणि वकील मंडळी त्यांना आपले आश्रयदाते मानतात. वसईचे मोन्सिनियर पी. जे. मोनिस यांनी १९१८ मध्ये आपल्या लोकांसाठी सहकारी पतपेढी सुरू केली, तीच आजची बॅसिन कॅथॉलिक सहकारी बँक. लोकांचा पैसा हा धर्मगुरूंनी हात न लावण्याचा विषय आहे असे या दोघांनी मानले नाही.

आम्ही काही बँक काढू शकत नाही आणि आम्ही वकीलही नाही. पण अहरोन आणि हूर यांनी लढाई केली नव्हती, त्यांनी फक्त हात धरले होते. तेवढे आपल्याला जमेल. ज्यांना अर्ज लिहिता येत नाही त्यांनी मिस्सानंतर आपले कागद घेऊन धर्मग्रामाच्या कार्यालयात यावे. तिथे अर्ज लिहून दिला जाईल. आपल्यातल्या शिकलेल्या तरुणांनी आठवड्यातला एक तास यासाठी द्यावा. साक्रीला जाताना एकट्या बाईला पाठवू नये, शेजारच्या घरातल्या कुणीतरी सोबत जावे. ज्या दोन घरांत पैशावरून बोलणे बंद आहे आणि ज्यांना बसून बोलायची इच्छा आहे त्यांच्यासाठी आमचे दार उघडे आहे. तिथे जे बोलले जाईल ते तिथेच राहील.

शेवटी त्या विधवेकडे पुन्हा पाहू या. तिने न्यायाधीशाला लाच दिली नाही, प्रतिवादीच्या घरावर दगड टाकले नाहीत, आणि घरी रडतही बसली नाही. ती खऱ्या दारी, खऱ्या मागणीसाठी, न थकता गेली. प्रभू शेवटी विचारतो की मनुष्याचा पुत्र येईल तेव्हा त्याला पृथ्वीवर विश्वास आढळेल काय. ज्या धर्मग्रामात घेणारा परत देतो, देणारा दमदाटी करत नाही आणि न्याय मागणाऱ्याचे हात धरायला दोन माणसे उभी राहतात, तिथे त्याला तो आढळेल.

न्यायी आणि करुणामय पिता आपणा सर्वांना आशीर्वाद देवो. आमेन.